ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर: पावडरीत साखर फक्त ३१ टक्के, मग बाकीचं काय?

सावदा_सूक्ष्म

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रकल्प आहे. रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेतून ठिबकच्या लॅटरलचे तुकडे आणले. नळी उभी चिरली की आत फिकट तपकिरी थर दिसतो, बोट लावून उचललं की शेंबडासारखी तार सुटते. त्यातून दोन जिवाणू वेगळे केले.

'म': ग्राम निगेटिव्ह, मॅनिटॉल आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या माध्यमावर फुगीर, चकचकीत, ओघळणारी वसाहत.
'स': ग्राम पॉझिटिव्ह. ५ टक्के साखर (सुक्रोज) घातलेल्या न्यूट्रिएंट अगारवर बुळबुळीत, पण साखरेऐवजी ग्लुकोज घातलं तर सपाट आणि कोरडा.

'म'चं काम असं केलं. लिटरमागे मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम. २८ अंश, १२० आरपीएम, ९६ तास. मग १०,००० आरपीएमवर २० मिनिटं फिरवून वरचं द्रावण घेतलं, त्यात तिप्पट थंड इथेनॉल, रात्रभर फ्रिजमध्ये, आणि जे खाली बसलं ते ६० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवलं. डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार धुऊन काढणं) केलेलं नाही. लिटरमागे १.८ ग्रॅम पांढरट पावडर मिळाली. फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत ग्लुकोजच्या प्रमाणावरून साखर ३१ टक्के, ब्रॅडफर्डने प्रथिनं ४ टक्के. उरलेले ६५ टक्के कुठे गेले?

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाश शोषण्याच्या चाचणीत) ८९०, १४१०, १६१० आणि १७३० ला शिखरं आहेत. यावरून 'बीटा-ग्लुकन' असं लिहिलं तर चालेल का? जिवाणू हे सगळं कशासाठी बनवतात यावर एक प्रकरण लिहायचं आहे, त्यात नेमकं काय यावं? आणि ज्यांची बाग आहे ते काका विचारतात, ब्लीचिंग पावडर सोडली तर हा थर जाईल का?

पेट्रीपात्र_धुळे

आधी वजनाचा हिशेब. तुमच्या माध्यमात लिटरमागे ०.५ + ०.२ + ०.१, म्हणजे ०.८ ग्रॅम क्षार आहेत. तिप्पट इथेनॉल घातल्यावर मीठ बरंचसं वरच राहतं, पण फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट पॉलिसॅकराइडसोबत (म्हणजे साखरांच्या लांब साखळीसोबत) खाली येतात. १.८ ग्रॅममधले अर्धा-पाऊण ग्रॅम तिथेच गेले असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करायची तर १०० मिलिग्रॅम पावडर मुशीत घालून ५५० अंशावर ४ तास जाळा आणि राख तोला. राख १० टक्क्यांच्या वर गेली तर बाकीच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही, आधी डायलिसिस.

दुसरा चोर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. त्यात यीस्टच्या भिंतीतला मॅनन (मॅनोज साखरेची साखळी) असतो, तोही अल्कोहोलमध्ये खाली बसतो आणि फिनॉलला छान रंग देतो. म्हणजे तुमच्या ३१ टक्क्यांतही सगळी साखर 'म'ची नाही. जिवाणू न टाकलेलं माध्यम तसंच ९६ तास ठेवून त्यावर अथपासून इतिपर्यंत हीच कृती करा आणि येईल ते वजन व साखर वजा करा. बरेच प्रबंध हे करत नाहीत आणि मग 'मॅनोज आढळला' असं लिहून बसतात. न खाल्लेला मॅनिटॉलही थोडा सोबत येऊ शकतो. तो साखर-अल्कोहोल असल्यामुळे फिनॉलला रंगच देत नाही, फक्त वजन वाढवतो.

पुढच्या वेळी अल्कोहोल ओतताना भांड्यात डोळे लावून बघा. काचेच्या कांडीने सावकाश ढवळत राहिलं की लांब साखळीचा पॉलिमर पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांत गुंतत कांडीलाच गुंडाळतो, कांडी वर उचलली की ओल्या सुतासारखा लोंबतो. क्षार आणि प्रथिनं तशी वागत नाहीत. ती खडूच्या पाण्यासारखी गढूळ होतात आणि सकाळपर्यंत बुडाशी साका धरतात. धागा कांडीने उचलून वेगळा घ्या, साका वेगळा. सगळं एकत्र फिरवून घेतलंत तर हा फरक कायमचा पुसला जातो.

नव्याने करताना क्रम असा ठेवा. माध्यम घट्ट झालं असेल तर फिरवण्याआधी ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने दोन-तीन पट पातळ करा, नाहीतर पेशी खाली बसतच नाहीत आणि वरच्या द्रावणात पेशींचा डीएनए व प्रथिनं येतात. मग ४ अंशावर १०,००० आरपीएम, ३० मिनिटं. प्रथिनं काढायला सेव्हॅगची रीत, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल ४:१, मधल्या थरात पांढरी पापडी येणं थांबेपर्यंत. टीसीएनेही (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लानेही) प्रथिनं जातात, पण आम्लधर्मी पॉलिसॅकराइड थोडं त्यांच्यासोबत बसतं आणि उत्पादन कमी दिसतं. अल्कली वापरून प्रथिनं काढू नका, ॲसिटिल गट झडून जातात. नंतर १ टक्का पोटॅशियम क्लोराइड घालून अल्कोहोल. ऋणभारित साखळ्या एकमेकींना ढकलतात, मिठाशिवाय त्या नीट जमत नाहीत. धागा पाण्यात विरघळवून १२-१४ हजार डाल्टनच्या नळीत ४८ तास डायलिसिस, पाणी सहा-सात वेळा बदला. शेवटी लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र). ६० अंशाच्या ओव्हनमध्ये पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पूर्ण विरघळत नाही. न विरघळलेला पापुद्रा कुपीच्या बुडाशी राहतो आणि फिनॉलचा आकडा खाली येतो. तुमच्याकडे हेही झालं असावं. १० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर चुंबकीय ढवळणीवर ठेवा, उजेडासमोर धरून एकही पारदर्शक गाठ दिसत नाही ना ते बघा, मगच पिपेट बुडवा.

चाचणी स्वतः: १ मिलि नमुना, १ मिलि ५ टक्के फिनॉल, मग ५ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेट द्रावणाच्या पृष्ठभागावर जोरात सोडायचं. काचेच्या भिंतीवरून हळूहळू ओघळवलं तर उष्णता पुरेशी होत नाही आणि रंग कमी येतो. १० मिनिटं थांबा, हलवा, आणखी २० मिनिटांनी ४९० नॅनोमीटरला वाचा. ग्लुकोज १० ते १०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात.

आता तुमची शिखरं. १६१० आणि १४१० ही जोडी कार्बोक्झिलेटची, १७३० एस्टरची, बहुधा ॲसिटिल. ग्लुकनमध्ये नुसता ग्लुकोज असतो, तिथे कार्बोक्झिलेट कुठून येणार? म्हणून 'बीटा-ग्लुकन' लिहू नका. हा ॲसिटिल लागलेला आम्लधर्मी पॉलिसॅकराइड दिसतो आणि ८९० मुळे त्यात बीटा जोड (साखर साखरेला बांधणारे बंध) असावेत, इतकंच म्हणता येतं. केबीआर (नमुना ज्यात मिसळून चकती करतात ते पोटॅशियम ब्रोमाइड) ओलसर असेल तर १६४० चं पाण्याचं शिखर १६१० वर चढतं, तेवढं तपासा.

युरोनिक आम्लं (कार्बोक्झिल गट असलेल्या साखरा) असतील तर ग्लुकोजच्या प्रमाणावर ती कमी मोजली जातात, त्यांचा रंगही ४८० च्या आसपास येतो. ॲमिनो साखरा तर जवळजवळ दिसतच नाहीत. युरोनिकसाठी मेटा-हायड्रॉक्सिडायफेनिल वापरा: बोरॅक्स घातलेल्या सल्फ्युरिक आम्लात उकळून थंड करायचं, मग अभिकर्मक टाकून ५२० ला वाचायचं, प्रमाण ग्लुक्युरोनिक आम्लाचं. ॲसिटिल आणि पायरुव्हेट हे वजनात येतात, साखरेत नाही.

जोड कुठले, ते एफटीआयआर कधीच सांगत नाही. २ मोलर टीएफएमध्ये (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लात) १२१ अंशावर तासभर तोडून घटक साखरा बघा, आणि युरोनिकचा जोड चिवट असल्याने तिथे जोडगोळ्या उरतात हे गृहीत धरा. जोडाच्या जागांसाठी मिथिलेशन करून जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री). आल्फा की बीटा यासाठी प्रोटॉन एनएमआर: ४.४ ते ५.५ पीपीएममधले अ‍ॅनोमेरिक प्रोटॉन (जोडाच्या कार्बनवरचे), साधारण ५ च्या वर आणि ३-४ हर्ट्झचं अंतर असेल तर आल्फा, खाली आणि ७-८ हर्ट्झ असेल तर बीटा. मॅनोजला ही खूण लागू पडत नाही. नमुना ७० अंशावर तापवून घ्या, नाहीतर घट्ट द्रावणात शिखरं पसरट होतात आणि पाण्याचं शिखर नेमकं मधे बसतं.

लसूणघास

रचनेचं वरच्यांनी सांगितलं. भूमिकेचं प्रकरण लिहिताना एक कळकळीची विनंती: 'संरक्षण, चिकटणे, साठवण' अशी यादी करून सोडू नका. जोडावरून गुण आणि गुणावरून काम, या वाटेने लिहा. खान्देशात याचं उदाहरण घराघरात आहे. कापसाची रुई आणि ज्वारीची भाकरी, दोन्हींत ग्लुकोजच. रुईत बीटा-१,४ जोड, म्हणून साखळी सरळ फितीसारखी, शेजारच्या फितीला घट्ट बांधली जाते आणि सूत तयार होतं. भाकरीत आल्फा-१,४, म्हणून साखळी वळते, पाणी आत शिरतं आणि लाळेतलं एन्झाइम तिला तोडतं.

जिवाणू हाच खेळ करतात. कोमागाटेइबॅक्टर बीटा-१,४ ने सेल्युलोज विणतो, त्याची पाण्यावर तरंगणारी साय तयार होते आणि हवा लागेल तिथे तो राहतो. सेल्युलोज बनवणाऱ्या एन्झाइमला चालू करणारा सायक्लिक-डाय-जीएमपी हा रेणू १९८७ साली याच जिवाणूत सापडला. जिवाणूने पोहायचं की एका जागी घर बांधायचं हे पुष्कळ जातींत त्याच रेणूवर ठरतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ॲग्रोबॅक्टेरियमचा कर्डलन बीटा-१,३, तो तापवला की गोठतो. ल्यूकोनोस्टॉकचा डेक्स्ट्रान आल्फा-१,६, त्या जोडात फिरायला एक बंध जास्त मिळतो म्हणून साखळी लवचिक आणि विरघळणारी. दातांवरच्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सने आल्फा-१,३ चे जोड वाढवले की तोच ग्लुकोज पाण्यात न विरघळणारा होतो आणि दातावर धरून बसतो.

झॅन्थानवर, म्हणजे झॅन्थोमोनास जिवाणूच्या पॉलिसॅकराइडवर, जरा थांबा, कारण तुमचा 'म' त्याच्या जवळचा असू शकतो. पाठीचा कणा सेल्युलोजसारखाच बीटा-१,४ ग्लुकोजचा. पण दर दुसऱ्या ग्लुकोजवर तीन साखरांची फांदी: आत मॅनोज, मधे ग्लुक्युरोनिक आम्ल, टोकाला पुन्हा मॅनोज. आतल्या मॅनोजवर ॲसिटिल, टोकाच्या साधारण अर्ध्या मॅनोजवर पायरुव्हेट. फांद्यांमुळे फिती एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, म्हणून सूत न होता घट्ट रस होतो. फांद्या कण्याला लपेटून घेतात, म्हणून हा रस मीठ आणि उष्णता सोसतो. कपाशीवरचा काळा करपा, पानावर शिरांच्या मधे कोनदार पाणीदार ठिपके पाडणारा, तो झॅन्थोमोनासच. ठिपक्यातून पाझरलेला चिकट द्रव सकाळी ओला आणि दुपारी वाळून पापुद्रा झालेला दिसतो. त्या पापुद्र्यात जिवाणू ऊन काढतो आणि पुढच्या पावसाच्या थेंबाने शेजारच्या पानावर जातो.

वांग्याच्या मर रोगात राल्स्टोनियाचा पॉलिसॅकराइड खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो. रोगी खोड तिरकं कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगा, काही मिनिटांत कापातून दुधी धार खाली सुटते. बुरशीच्या मर रोगात अशी धार येत नाही.

उलट बाजूला सहजीवन. लसूणघासाच्या मुळावर गाठी करणारा सायनोरायझोबियम मेलिलोटी सक्सिनोग्लायकन बनवतो. आठ साखरांचा घटक, सात ग्लुकोज, एक गॅलॅक्टोज, वर ॲसिटिल, सक्सिनिल, पायरुव्हेट. हा न बनवणारा उत्परिवर्ती जिवाणू टाकला तर गाठी येतात, पण पोकळ. मुळाच्या केसातून आत जाणारा संसर्गाचा धागाच नीट वाढत नाही, म्हणून आत जिवाणू पोहोचत नाहीत आणि नत्रही नाही. इथे पॉलिसॅकराइड नुसतं आवरण राहत नाही, झाड त्यावरून जिवाणूला ओळखतं.

माणसाच्या रोगांचं थोडक्यात लिहा पण वगळू नका. न्यूमोकॉकसची गुळगुळीत (पॉलिसॅकराइडचं आवरण असलेली) आणि खरखरीत (आवरण नसलेली) वसाहत यावर १९२८ साली ग्रिफिथने आणि १९४४ साली ॲव्हरी, मॅक्लिऑड, मॅकार्टी यांनी काम केलं. आपण डीएनए शिकतो तो याच आवरणाच्या बळावर. विषमज्वराच्या जिवाणूचं 'व्हीआय' आवरण हे ॲसिटिल लागलेल्या ॲमिनो-गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाची साखळी. नुसतं आवरण टोचलं तर दोन वर्षांखालच्या मुलांची प्रतिकारशक्ती त्याला दाद देत नाही, कारण टी-पेशींना साखर दाखवता येत नाही. तीच साखर प्रथिनाला बांधली की लस चालते.

आणि पेप्टिडोग्लायकन, लिपोपॉलिसॅकराइड हे वेगळ्या परिच्छेदात. ते पेशीचे अवयव आहेत, बाहेर सोडलेला माल नाही. मात्र एक धागा जोडा: ५५ कार्बनचा अनडेकाप्रेनिल फॉस्फेट हा वाहक भिंत बांधायलाही लागतो आणि बऱ्याच बाह्य पॉलिसॅकराइडनाही. साखरेची अर्धवट साखळी त्यावर अडकून राहिली तर भिंतीला वाहक कमी पडतो आणि पेशी आजारी पडते.

रसतपासणी_शहादा

'स'बद्दल कोणी बोललं नाही. साखरेवर बुळबुळीत आणि ग्लुकोजवर कोरडा, म्हणजे हा वाहक वगैरेच्या भानगडीत पडतच नाही. पेशीबाहेर सोडलेलं एकच एन्झाइम साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, जोड तोडतं आणि त्याच तुटलेल्या जोडाच्या ऊर्जेवर साखळी वाढवतं. ग्लुकोज जोडत गेला तर डेक्स्ट्रान आणि फ्रुक्टोज मोकळा. फ्रुक्टोज जोडत गेला तर लेव्हान, बीटा-२,६, आणि ग्लुकोज मोकळा.

ओळख दहा मिनिटांची आहे. वसाहतीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. फेस आला आणि सूक्ष्मदर्शकात बीजाणू असलेले दंडाकार दिसले तर बॅसिलस, बहुधा लेव्हान. फेस नाही आणि गोल पेशींच्या माळा असतील तर ल्यूकोनोस्टॉक, बहुधा डेक्स्ट्रान. नंतर पॉलिमरवर: ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ७० अंशावर अर्धा तास ठेवा आणि रेसॉर्सिनॉल टाकून बघा. लेव्हान इतक्या सौम्य आम्लात तुटून लाल रंग देतो, डेक्स्ट्रान जागचा हलत नाही. अल्कोहोलही फरक सांगतं. डेक्स्ट्रान ५० टक्क्यांच्या आतबाहेर खाली येऊ लागतो, लेव्हानला ७० च्या पुढे जावं लागतं आणि तो मऊ डिंकासारखा बसतो.

कारखान्यात याच डेक्स्ट्रानने नाकी नऊ येतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की कापलेल्या टोकातून ल्यूकोनोस्टॉक आत शिरतो. रस घट्ट होतो, गाळणीतून उतरत नाही, आणि साखरेचा दाणा चौकोनी न येता सुईसारखा लांबट येतो. रसात अल्कोहोल घालून गढूळपणा मोजायची जी 'हेझ' चाचणी आहे ती डेक्स्ट्रान ५० टक्के अल्कोहोलात धुरकट होतो याच गुणावर उभी आहे. मात्र आधी स्टार्च एन्झाइमने आणि प्रथिनं टीसीएने काढली नाहीत तर तीही धुरकट दिसतात आणि आकडा फुगतो.

तुमच्या बागेत सुक्रोज आला कुठून, हे विचारा. ठिबकमधून जीवामृत जातं का? २०० लिटरला २ किलो गूळ, म्हणजे १ टक्का गूळ. त्यातला बहुतेक सुक्रोजच.

ठिबक_दुरुस्ती_यावल

काकांच्या प्रश्नाकडे येतो. ब्लीचिंग पावडर एकट्याने थर काढणार नाही. क्लोरीन पेशी मारतो, पण पेशीभोवतीचा पॉलिसॅकराइड क्लोरीन खाऊन टाकतो आणि मेलेल्या पेशींसकट नळीला चिकटून राहतो. आठ दिवसांत नव्या जिवाणूंना आयतं घर मिळतं. शिवाय आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी कठीण, त्यातला कॅल्शियम ऋणभारित साखळ्यांना एकमेकींशी टाचून ठेवतो. ब्लीचिंग पावडर म्हणजे आणखी कॅल्शियम.

आधी थराची परीक्षा करा. नळीतला थर तीन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, तिसरीत १० मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन). आम्लात बुडबुडे आले तर चुना आहे. ईडीटीएत थर सुटून पसरला तर कॅल्शियमच्या टाचण्यांवर उभा आहे. दोन्ही झालं तर क्रम ठरला: पहिल्या दिवशी आम्ल, दुसऱ्या दिवशी क्लोरीन. दोन्ही एका टाकीत कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस जीव गमावू शकतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा.

आम्लाचा डोस बादलीवर काढा. तुमच्याच पाण्याच्या १० लिटर बादलीत आम्ल मिलिमिलिने घालत पीएच ४ वर आणा, किती मिलि लागलं ते लिहा, आणि तेवढ्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सोडा. शेवटच्या ड्रिपरला पीएच पट्टीवर ४ दिसला की पंप बंद, अर्धा-पाऊण तास मुरू द्या, मग फ्लशिंग.

फ्लशिंग हेच खरं काम, आणि तेच सगळे उरकतात. नळीच्या टोकाला पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.३ मीटर हवा, त्याखाली सुटलेला थर टोकापर्यंत जातच नाही. १६ मिमीच्या लॅटरलला, आतला व्यास १४ मिमी धरला, तर हा वेग म्हणजे मिनिटाला पावणेतीन लिटर. एक लिटरची बाटली टोकाला धरा, साधारण २२ सेकंदांत भरली पाहिजे. जास्त वेळ लागला तर एकाच वेळी जास्त टोकं उघडली आहेत. आधी सबमेन, मग चार-पाच लॅटरल एका वेळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

क्लोरीनसाठी पातळ सोडियम हायपोक्लोराइट घ्या, त्यात कॅल्शियम नाही. हिशेब: तासाला २०,००० लिटर जात असेल तर अर्ध्या तासात १०,००० लिटर. १० पीपीएमला १०० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे १० टक्क्यांचं १ लिटर. ब्लीचिंग पावडरच वापरायची असेल तर ३३ टक्क्यांची ३०० ग्रॅम, रात्रभर भिजवून वरची निवळीच घ्यायची, गाळ नाही. शेवटच्या ड्रिपरला क्लोरीनच्या किटवर १ ते २ पीपीएम दिसलं पाहिजे. तिथे शून्य असेल तर वाटेतल्या थराने सगळा खाल्ला, डोस वाढवा. पीएचकडे दुर्लक्ष नको. ७.५ ला क्लोरीनचा अर्धाच भाग मारक रूपात असतो, ८ ला साधारण पाव. हायपोक्लोराइट मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं की त्याचा जोर उतरतो. कॅनवर १० टक्के लिहिलंय म्हणून आत १० टक्के आहे असं धरू नका, सावलीत ठेवा आणि ताजंच घ्या. युरिया किंवा अमोनियमचं खत सोडलं त्याच दिवशी क्लोरीन नको, ती दोन्ही त्याला खाऊन टाकतात.

जीवामृताबद्दल वर विचारलंय ते अगदी बरोबर. गुळाचं पाणी नळीत रात्रभर उभं राहिलं की सकाळी तार सुटते. गाळून सोडा आणि नंतर किमान २० मिनिटं नुसतं पाणी चालवा.

सावदा_सूक्ष्म

सगळ्यांचे मनापासून आभार. राख काढली: ३८ टक्के. जिवाणू नसलेल्या माध्यमातून लिटरमागे ०.७ ग्रॅम खाली बसलं, त्यात साखर आहे. 'स'ला फेस आला, बीजाणू दिसतात, रेसॉर्सिनॉल लाल. काकांकडे महिन्यातून दोनदा जीवामृत ठिबकमधूनच जातं, नंतर पाणी चालवत नाहीत. एक शंका: ईडीटीएत थर अर्धाच सुटला. उरलेला अर्धा चिकटूनच आहे.

पेट्रीपात्र_धुळे

०.७ ग्रॅम वजा केलं की 'म'चं खरं उत्पादन लिटरमागे १.१ ग्रॅमच्या आसपास. पण राख ३८ टक्के आहे, म्हणून हा आकडा तात्पुरता धरा. प्रबंधात डायलिसिसनंतरचा आकडा द्या आणि वजाबाकी कशी केली ते लिहा.

उरलेला अर्धा थर तीन गोष्टींचा असू शकतो. लेव्हानवर भार नसतो, त्याला कॅल्शियम लागत नाही, म्हणून ईडीटीएचा त्याच्यावर परिणाम नाही. त्याच थराला ०.१ मोलर आम्ल, ७० अंश, अर्धा तास दिलं आणि तो विरघळून रेसॉर्सिनॉल लाल आला तर उत्तर मिळालं. नाही विरघळला तर कॅल्कोफ्लोरने (सेल्युलोजला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवून फ्लोरोसेन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निळे चमकणारे धागे दिसले तर सेल्युलोजसारखा बीटा जोडाचा पॉलिमर, तो आम्लालाही दाद देणार नाही. तेही नसेल तर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाकून ३७ अंशावर तासभर ठेवा. फुटलेल्या पेशींचा डीएनए कधी कधी सिमेंटसारखा काम करतो. नमुने ओलेच वापरा, वाळवून पुन्हा भिजवलेला थर यातल्या कुठल्याच चाचणीत खरं वागत नाही.